बॉयलर आणि पाण्याची परीक्षा

पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत महाळुंगे पडवळ नांवाचें एक गांव आहे. हुतात्मा बाबू गेनू सैद यांचें हें गांव. शेतीवर भागेना म्हणून मुंबईस गेलेला आणि कापडगिरणींत राबलेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवी भागांत विलायती कापडाच्या मालमोटारीपुढें आडवा झाला व तिच्या चाकांखालीं त्याचा अंत झाला, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यासारखीं हजारों माणसें जुन्नर, आंबेगांव, खेड, मावळ या तालुक्यांतून मुंबईस गेलीं. कोणी कारकुनांच्या जेवणाचे डबे वाहिले, कोणी गोदींत आणि बाजारांत ओझीं उचललीं, कोणी गिरणीच्या दारांत बदलीच्या कामाची वाट पाहत उभे राहिले. गिरणीकामगारांचे संप, त्यांच्या चाळी, त्यांचीं भजनें व तमाशे यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या एका भांड्याच्या जोरावर ती सारी गिरणी चाले, आणि जें फुटलें तर गिरणीसकट माणसें उडवून देईल, त्या भांड्याची आठवण क्वचित् निघते. तें भांडें म्हणजे बॉयलर. तो फुटूं नये म्हणून माणसानें जी युक्ति शोधली ती इतकी साधी आहे कीं प्रथम ऐकणाऱ्यास थट्टा वाटावी: बॉयलर काठोकाठ पाण्यानें भरावयाचा आणि तें पाणी आणखी दाबावयाचें!

मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेवास काढली. १८५६ च्या फेब्रुवारींत तिचें काम सुरू झालें. तेव्हांपासून पुढें साठ वर्षें मुंबईच्या गिरण्या मुख्यतः वाफेवर चालल्या. बॉयलरखान्यांत आगवाले कोळसा मारीत, वाफ इंजिनाचा दट्ट्या हलवी, इंजिन एक प्रचंड चाक फिरवी, आणि त्या चाकावरून निघालेले जाड दोर मजल्यामजल्यांवरचे शाफ्ट फिरवीत. पहांटे कामगारांस उठविणारा भोंगाहि त्याच वाफेचा. या गिरण्यांत बहुधा आढळे तो लँकेशायर जातीचा बॉयलर. त्याचें पेटंट विल्यम फेअरबेर्न व जॉन हेदरिंग्टन यांनीं १८४४ सालीं घेतलें होतें. सुमारे तीस फूट लांबीचें आणि आठ फूट रुंदीचें एक आडवें नळकांडें, त्याच्या पोटांतून आरपार गेलेले दोन रुंद नळ, नळांच्या तोंडाशीं जाळ आणि भोंवतीं पाणी, असा त्याचा थाट. वरच्या मजल्यावर साळखात्यांत माग चालविणाऱ्या माणसाला तो दिसतहि नसे.

उघड्या पातेल्यांत पाणी शंभर अंशांवर उकळतें. त्यापुढें कितीहि जाळ घातला तरी तें अधिक तापत नाहीं. बंद भांड्यांत मात्र दाब वाढतो तसा उकळण्याचा अंशहि वर चढतो. घरांतल्या प्रेशर कुकरमध्यें डाळ लवकर शिजते ती यामुळेंच. दर चौरस इंचास शंभर पौंड दाबाच्या बॉयलरांत पाणी १७० अंश सेंटिग्रेड तापलेलें असूनहि पाणीच राहतें, कारण दाब त्याला वाफ होऊं देत नाहीं. पत्रा फाटला कीं हा दाब नाहींसा होतो आणि इतक्या तापलेल्या पाण्याला पाणी म्हणून राहतां येत नाहीं. त्याचा सुमारे आठवा हिस्सा तत्क्षणीं वाफ होतो, आणि एका लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेंत सोळाशें लिटरांहून अधिक जागा मागते. लँकेशायर बॉयलरांत वीस टनांच्या आसपास पाणी असे. म्हणजे डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच अडीच टन पाण्याची चार हजार घनमीटर वाफ होणार, आणि ती विटांच्या भिंतींतून आपली वाट काढणार. येथें बंदुकीच्या दारूची गरजच लागत नाहीं.

हा धडा प्रथम मिळाला तो इंग्लंडांत. जेम्स वॉट यानें कमी दाबाच्या वाफेचा आग्रह धरला होता. कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिक यानें जास्त दाबाचें, आकारानें लहान आणि स्वस्त असें इंजिन काढलें. १८०३ सालीं ग्रिनिच येथें त्याच्या एका पंपाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसें मेलीं. इंजिनाची राखण करणारा पोरगा मासे धरावयास गेला होता, आणि त्याच्या जागीं आलेल्या माणसानें वाफेला वाट न देतां इंजिन तेवढें बंद केलें, असें सांगतात. वॉटच्या पक्षानें या अपघाताचें भांडवल केलें, हें सांगावयास नकोच. ट्रेव्हिथिक मात्र कामाला लागला. पुढच्या बॉयलरांना त्यानें दोन सुरक्षा-झडपा बसविल्या, त्यांतली एक चालविणाऱ्याच्या हाताला न लागणारी. पाणी आटून पत्रा तापूं लागला तर वितळून वाफ सोडणारें शिशाचें बूच बसविलें. दाब डोळ्यांना दिसावा म्हणून पाऱ्याची नळी लावली. आणि बॉयलर जाळावर चढविण्यापूर्वीं पाण्याच्या दाबानें त्याची परीक्षा घेण्याचा प्रघात पाडला. झडप, बूच आणि नळी या तिन्हींचा उपयोग बॉयलर चालूं लागल्यानंतरचा. ही चौथी गोष्ट तेवढी आधींची. बॉयलर दुबळा असेल तर त्यानें तें आजच सांगावें, आणि कोणाचा जीव न घेतां सांगावें, अशी तिच्यांतली योजना.

परीक्षा म्हणजे भांड्याला रोजच्याहून अधिक दाब देऊन पाहणें. तो दाब हवेचा दिला किंवा वाफेचा दिला तर काय बिघडलें, असें कोणासहि वाटेल. पत्र्याला खरोखरीच भेद कळत नाहीं; भेद दिसतो तो पत्रा फाटल्यावर. हवा कापसाच्या गठ्ठ्यासारखी दाबली जाते, आणि दाबतांना खर्चलेली शक्ति ती आपल्या पोटांत जपून ठेवते. पाणी जवळजवळ दाबलेंच जात नाहीं. समजा, एक हजार लिटरांची टांकी पाण्यानें भरली आणि तिला वातावरणाच्या दहापट दाब दिला. तें हजार लिटर पाणी अर्ध्या लिटराहूनहि कमी आंकसतें. टांकी फुटली तर तेवढें अर्धा लिटर पाणी बाहेर उडतें कीं दाब संपला. त्या पाण्यांत कोंडलेली शक्ति तेवीस किलो वजनाचें पोतें एक मीटर वर उचलण्यास लागेल इतकी. तीच टांकी त्याच दाबाच्या हवेनें भरली तर तींत जवळजवळ चौदा टन ओझें दहा मीटर उंच फेंकण्याची शक्ति सांठते. फरक सुमारे सहा हजार पटींचा! फुटलेला पत्रा पहिल्या वेळीं जागच्या जागीं ओला होतो. दुसऱ्या वेळीं तो तोफेचा गोळा होतो.

पाण्याचा दुसरा गुण असा कीं त्यावरील दाब सर्व दिशांस सारखा पसरतो. हें तत्त्व पास्कालनें सतराव्या शतकांत मांडलें आणि जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं त्यावरून आपलें दाबयंत्र बनविलें. त्यामुळें एक माणूस लहानशा हातपंपानें तीस फुटी बॉयलरच्या प्रत्येक रिव्हेटला, प्रत्येक सांध्याला एकाच वेळीं जोखूं शकतो.

फेअरबेर्ननें तर या परीक्षकाला शिक्षकहि केलें. बॉयलरच्या पोटांतले नळ भोंवतालच्या दाबानें कधीं कधीं आंत चेपत, आणि अपघात होत. नळाची जाडी आणि रुंदी ठीक असली म्हणजे झालें, लांबीचा त्याच्या बळाशीं कांहीं संबंध नाहीं, असाच तेव्हां समज होता. फेअरबेर्ननें मजबूत लोखंडी पात्रांत निरनिराळ्या लांबीचे नळ ठेवले, भोंवतीं पाणी भरून दाब वाढवीत नेला, आणि प्रत्येक नळ कोणत्या दाबाला चेपतो तें मांडून ठेवलें. १८५८ सालीं रॉयल सोसायटीपुढें त्यानें निष्कर्ष ठेवला: बाकीचें सर्व तेंच असतां नळ जितका लांब तितका दुबळा. उपाय सोपा होता. नळावर ठराविक अंतरानें कडीं किंवा जाड जोड घातले म्हणजे एक लांब नळ अनेक आंखूड नळांसारखा वागतो. लँकेशायर बॉयलरचे नळ पुढें असे आधार घालूनच होऊं लागले. वाफेवर हे प्रयोग केले असते तर फेअरबेर्न दुसऱ्या नळापर्यंत पोंचला असता कीं नाहीं याची शंकाच आहे.

१८५४ सालीं, म्हणजे दावरांची कंपनी निघाली त्याच वर्षीं, फेअरबेर्नच्या पुढाकारानें मँचेस्टरांत वाफेचे स्फोट टाळण्यासाठीं कारखानदारांची एक संस्था स्थापन झाली. ती सभासदांचे बॉयलर तपासून देई. सक्ति मात्र कोणावरच नव्हती. हिंदुस्थानांत सक्ति आधीं आली. १८६३ सालीं कलकत्त्यास एका बॉयलरचा स्फोट होऊन अनेक माणसें दगावलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं बंगालनें १८६४ चा सहावा कायदा करून बॉयलरची तपासणी सुरू केली. ब्रिटनमध्यें स्फोटानंतर चौकशी करण्याचा कायदा १८८२ त झाला, आणि कारखान्यांतील बॉयलरच्या नियमित तपासणीची सक्ति यावयास १९०१ साल उजाडलें. लंडन ज्या कामास कचरत होतें तें कलकत्त्यास चाळीस वर्षें आधीं झालें. याचें श्रेय राज्यकर्त्यांच्या दयाबुद्धीस द्यावें, कीं विरोध करणारा कारखानदारांचा वर्ग येथें अजून बलवान झाला नव्हता या गोष्टीस द्यावें? दुसरें कारण अधिक खरें दिसतें.

मुंबईसह इतर प्रांतांनींहि आपापले कायदे केले. पण एका प्रांताचा नियम दुसऱ्यास लागू नसे, आणि एकीकडे पास झालेला बॉयलर दुसरीकडे नापास ठरावयाची भीति असे. १९२०-२१ मध्यें बसलेल्या समितीनें हा गोंधळ दाखविला आणि त्यांतून १९२३ चा हिंदी बॉयलर कायदा जन्मास आला. १ जानेवारी १९२४ पासून तो अमलांत आला. दाखल्याची मुदत बारा महिन्यांहून अधिक नाहीं, दाखल्यावर लिहिलेल्या दाबाहून जास्त दाबानें बॉयलर चालविणें हा गुन्हा, अपघात घडल्यास चोवीस तासांच्या आंत खबर दिली पाहिजे, अशीं त्याचीं कलमें. बाबू गेनू मुंबईस राबत होते तो काळ या कायद्याच्या पहिल्या वर्षांचा. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्यानें घेतली. पाण्याची परीक्षा मात्र कायदा बदलला तरी राहिली.

ही परीक्षा वरून दिसते तितकी निष्काळजीपणें करण्याजोगी नाहीं. बॉयलर निववून त्यांतली काजळी आणि क्षारांचीं पुटें काढलीं जातात. इन्स्पेक्टर प्रथम आंत शिरून डोळ्यांनीं पाहतो, लहान हातोडीनें पत्रे वाजवितो. धड पत्रा खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. सुरक्षा-झडपा ठराविक दाबाला उघडावयाच्याच, म्हणून परीक्षेपुरत्या त्या काढून जागा बंद करतात किंवा अडकवून ठेवतात. ती अडकण नंतर काढावयास विसरणें हा या कामांतला सर्वांत भयंकर विसर. ज्या परीक्षेनें जीव वाचवावयाचे तीच मग स्फोटाची तयारी करून ठेवते. पाणी खालून भरतात आणि माथ्यावरची तोटी उघडी ठेवतात. प्रथम ती फुरफुर करीत हवा टाकते, मग थुंकल्यासारखें थोडें पाणी, मग पुन्हां हवा. अखंड धार लागली म्हणजेच ती बंद करावयाची. घाईनें बंद केली तर वरच्या बाजूस हवेचा फुगा कोंडून राहतो, आणि पाण्याच्या परीक्षेंत हवेचा धोका चोरपावलांनीं आंत शिरतो. पाणी फार थंड असूनहि चालत नाहीं, कारण कांहीं जातींचें पोलाद गारठ्यानें ठिसूळ बनतें. आणि वायु किंवा वाफ सांठविण्यासाठीं पायांवर उभें केलेलें भांडें काठोकाठ पाण्याचें वजन पेलेल कीं नाहीं, याचा हिशोब आधींच झालेला बरा.

मग पंप सुरू होतो. दाब टप्प्याटप्प्यानें चढवितात, साधारणतः चालू दाबाच्या दीडपटीपर्यंत. चढत्या दाबाच्या वेळीं बॉयलरजवळ कोणी उभें राहावयाचें नाहीं. पंप थांबला कीं सर्वांचे डोळे कांट्यावर. कांटा स्थिर राहिला तर भांडें धड. हळूहळू खालीं सरूं लागला तर पाणी कोठें तरी वाट काढीत आहे. पाण्याच्या स्वभावाचा येथें तिसरा फायदा मिळतो. तें दाबलें जात नसल्यामुळें पेलाभर गळतीहि कांट्यावर तत्काळ उमटते, आणि तपासणाऱ्याला पत्र्यावर ओला डाग, सांध्याला सुटलेला घाम, एखाद्या नळाच्या तोंडाशीं लोंबणारा थेंब दिसतो. रिकामें करतांना माथ्याची तोटी आधीं उघडावी लागते. हें विसरल्यास आंत पोकळी होते आणि पातळ पत्र्याची टांकी बाहेरच्या हवेच्या दाबानेंच कागदाच्या डब्यासारखी चेपते. वातावरणाच्या कित्येक पट दाब सोसून पास झालेली टांकी शेवटीं साध्या हवेनें मोडावी, हा प्रकार कारखान्यांत अपरिचित नाहीं.

या परीक्षेवर एकोणिसाव्या शतकांत पुष्कळ वादहि झाले. तेव्हां चालू दाबाच्या दुप्पट दाब देण्याची चाल होती, आणि मालकांची तक्रार अशी कीं एवढ्या ताणानें चांगला बॉयलरहि दुखावतो. तक्रार स्वार्थाची असली तरी पूर्ण खोटी नव्हती. जुन्या पत्र्यांतली बारीक चीर जास्त दाबानें आणखी लांबूं शकते आणि तरीहि त्या दिवशीं फुटत नाहीं. दुसरें असें कीं परीक्षा थंड पाण्याची, आणि बॉयलरचें आयुष्य जाळावरचें. तापण्यानिवण्यानें पत्र्याला पडणारा पीळ पाण्याला कळत नाहीं. २० मार्च १९०५ रोजीं अमेरिकेंतील ब्रॉक्टन गांवीं जोड्यांच्या कारखान्याचा बॉयलर फुटून ५८ माणसें मेलीं. एकावर एक चढविलेल्या दोन पत्र्यांच्या जोडांत, बाहेरून दिसणार नाहीं अशा जागीं, चीर वाढत गेली होती. त्या दुर्घटनेनंतर अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेनें बॉयलर कसा बांधावा याचेच नियम तयार केले. पास झालेल्या बॉयलरकडे पाहून निर्धास्त होणारा मालक आणि परीक्षा निरुपयोगी म्हणून टाळणारा मालक, या दोघांत पहिला अधिक धोक्याचा असावा. दुसऱ्याच्या मनांत निदान भीति तरी असते.

मुंबईच्या गिरण्यांतली वाफेची इंजिनें पुढें थांबलीं, आणि योगायोग असा कीं तीं पाण्याच्या दाबानेंच थांबविलीं. १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें वीजघर सुरू झालें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी सुमारे पांचशें मीटर खालीं नळांतून उतरतें. पायथ्याशीं नळाला वातावरणाच्या पन्नासपट, म्हणजे गिरणीच्या बॉयलरच्या सातपट दाब सोसावा लागतो. हा दाब कोणी पंपानें आणीत नाहीं, सह्याद्रि आणतो. त्या विजेवर एकामागून एक गिरण्यांचीं चाकें फिरूं लागलीं. सुताला खळ देण्यासाठीं व रंगकामासाठीं वाफ लागेच, त्यामुळें बॉयलरखाने लहान झाले तरी मिटले नाहींत.

शहरांतील घरोघरीं आज पाण्याची परीक्षा दिलेलें एक भांडें असतें, याची फारशी कोणास जाणीव नसते. स्वयंपाकाच्या गॅसचें सिलिंडर दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाबाच्या पाण्यानें तपासलेलें असतें. पहिली फेरतपासणी दहा वर्षांनीं आणि त्यापुढें दर पांच वर्षांनीं. वरच्या कड्याच्या आंतल्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी हें इंग्रजी अक्षर आणि पुढें सालाचे दोन आंकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि पुढचीं अक्षरें त्याच क्रमानें. त्या तिमाहीपर्यंत पुढची परीक्षा झाली पाहिजे. सिलिंडर दारांत उतरवून घेतांना तेवढें वाचावयास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

ज्या तालुक्यांतून एके काळीं माणसें बॉयलरकडे गेलीं, त्या तालुक्यांत पुढें बॉयलरच चालत आला. घोड नदीवर डिंभें येथें धरण झालें. तालुक्याला ज्याचें नांव आहे तें जुनें आंबेगांव त्याच्या पाण्याखालीं गेलें, आणि त्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असें नांव देण्यांत आलें. पाणी आलें तसा ऊस वाढला. आंबेगांव तालुक्यांत पारगांवास भीमाशंकर आणि जुन्नर तालुक्यांत विघ्नहर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस पिळून उरलेलें चिपाड जाळून साखर कारखाने वाफ करतात; तिच्यावर रस आटतो आणि वीजहि निघते. वीज करणाऱ्या या नव्या बॉयलरचा दाब गिरणीच्या जुन्या बॉयलरच्या कित्येक पट असतो, आणि त्यांच्या पोटांत दोन नळांऐवजीं शेंकडों बारीक नळ असतात.

गळिताचा हंगाम जवळ आला कीं महाराष्ट्रांतील कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. निमंत्रणपत्रिका निघतात, पूजा होते, भाषणें होतात, दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात. त्याच्या आधीं होणाऱ्या पाण्याच्या परीक्षेला कोणास आमंत्रण नसतें. तेथें इन्स्पेक्टर असतो, कारखान्याचे इंजिनियर असतात, पंपावर एक माणूस आणि विजेरी घेऊन नळांच्या रांगांमधून सरपटणारे दोघेतिघे फिटर. कांटा थांबलेला असतो. एखाद्या नळाच्या तोंडाशीं थेंब दिसलाच तर तेथें खडूनें खूण करतात, पाणी सोडून देतात, तो नळ दुरुस्त करून पुन्हां पहिल्यापासून भरावयास लागतात. आणि समारंभाची तारीख जवळ आलेली असली तर ती पुढें ढकलण्याची गोष्ट काढावयाची कोणी, याची तेवढी चर्चा होते.